अडगळीला दान म्हणू नका

माजी विद्यार्थ्यांनो, स्पष्टच बोलते. परवा तुम्ही शाळेला टेम्पोभर जुने संगणक पाठवलेत. टेम्पोला बॅनर होता, फाटकात फोटो झाले, मुख्याध्यापकांच्या हाती नारळ दिला गेला आणि तासाभरात तुम्ही सगळे आपापल्या गाड्यांत बसून पुण्या-मुंबईला परत गेलात. खोकी उघडायला कुणी थांबलं नाही. ती मी आणि शिपाईमामांनी उघडली. त्यांत जे निघालं ते पाहिल्यावर तुम्हाला समोर उभं करून चार शब्द सुनावणं हे माझं कामच आहे. गणिताच्या तासाला ऐकत होता तसंच ऐका. मध्ये बोलू नका.

जाड पाठीचे सीआरटी मॉनिटर निघाले, त्यांतल्या बहुतेकांच्या केबलच्या पिना वाकलेल्या. कॅबिनेट निघाले, पण आतली रॅम कुणीतरी आधीच काढून घेतलेली. गोल पिनांचे कीबोर्ड निघाले, जे लावायला आमच्या मशीनला जागाच नाही. शाई वाळून खडक झालेले प्रिंटर निघाले. चार्जर नसलेले लॅपटॉप निघाले आणि त्यांतल्या एकाची बॅटरी इतकी फुगली होती की टचपॅड वर उचलला गेला होता, झाकण मिटत नव्हतं. हा लॅपटॉप कुठे होता? खोक्याच्या तळाशी, आणि त्यावर दोन मॉनिटर. फुगलेल्या लिथियम बॅटरीवर दाब आला, तिला भोक पडलं, तर ती पेट घेते आणि ती आग सहजी विझत नाही. ते खोकं तुम्ही मुलांच्या शाळेत आणून ठेवलंत.

एका कॅबिनेटमधली हार्डडिस्क चालू निघाली. तिच्यात तुमच्यापैकी एकाची प्राप्तिकराची विवरणपत्रं, बायकोच्या पॅन कार्डची प्रत आणि आईच्या ऑपरेशनचे रिपोर्ट होते. ज्याचे होते त्याला मी स्वतंत्र कळवलं आहे. इथे एवढंच सांगते, की तो संगणक नववीच्या पोरांनी माझ्याआधी सुरू केला असता तर काय झालं असतं याचा विचार करा.

याला दान म्हणतात? दारात आलेल्याच्या ताटात आंबलेलं वरण वाढून कुणी अन्नदान केल्याचं सांगत फिरत नाही. मग बंद पडलेला संगणक शाळेत टाकून बॅनर कसला लावता?

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, असं तुमच्यातला एक जण मला फोनवर म्हणाला. मी मोजणार, कारण ती गाय आता आम्हाला पोसायची आहे. शाळेत आलेली वस्तू जडसंग्रह नोंदवहीत चढते. तिला क्रमांक पडतो, तो क्रमांक वस्तूवर रंगाने लिहिला जातो आणि तपासणीला आलेले साहेब वही हातात घेऊन ‘वस्तू दाखवा’ म्हणतात. एकदा नोंद झाली की बंद पडली म्हणून ती फेकता येत नाही. निर्लेखनाचा प्रस्ताव करायचा, ठराव घ्यायचा, मंजुरीची वाट पाहायची, मग विल्हेवाट. तोवर खोली अडते. आयजीच्या जिवावर बायजी उदार, ही म्हण तुम्हाला याच शाळेत शिकवली होती. तुमचे फ्लॅट मोकळे झाले आणि आमच्या संगणक कक्षात मुलांना बसायची जागा गेली.

आणखी एक हिशेब तुम्ही केला नाहीत. एका जुन्या सीआरटी मॉनिटरला लागते तेवढ्या विजेत तीन एलसीडी मॉनिटर चालतात. विजेचं बिल कोण भरणार? प्रिंटर दिलात, त्याची शाईची काडतुसं बाजारात मिळाली तरी कोण विकत घेणार? वस्तू फुकट मिळाली तरी ती चालवणं फुकट नसतं, हे नोकरीत वर्षानुवर्षं खरेदीची कागदपत्रं हाताळणाऱ्या तुम्हा लोकांना मी सांगायला हवं?

आता मुख्य आरोप ऐका. तुमचा अपराध टेम्पो भरला त्या दिवशीचा नाही. तो फार आधीचा आहे. नवा लॅपटॉप घरी आला त्या आठवड्यात जुन्याचं काय करायचं ते ठरवायला हवं होतं. तेव्हा तो चालू होता. चार्जर त्याच्या पिशवीत होता, पासवर्ड पाठ होता. तुम्ही म्हणालात, ‘असू दे, लागेल कधीतरी,’ आणि तो माळ्यावर गेला. ते घोंगडं तिथे वर्षानुवर्षं भिजत पडलं.

माळ्यावर वस्तू जशीच्या तशी राहत नाही. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण उतरून तशीच पडली की तिची ताकद जाते आणि ती फुगू शकते. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपते आणि संगणक तारीख-वेळ विसरतो. पावसाळी दमटपणाने जोडण्या गंजतात. प्रिंटरचे रबरी रूळ कडक होतात. चार्जर दुसऱ्याच कुठल्या तरी डब्यात जातो. आणि सॉफ्टवेअरचं वय तर वस्तूला हात न लावताही वाढतच असतं. जो लॅपटॉप एखाद्या अकरावीच्या मुलीने आनंदाने वापरला असता, तो तुम्ही कुणाच्याच कामाचा ठेवला नाहीत. ती मुलगी दरम्यान मोबाइलच्या इवल्याशा पडद्यावर प्रकल्प लिहीत होती.

‘पण बाई, पन्नास हजारांना घेतला होता हो!’ घेतला असशील. ते पैसे खर्च झाले त्याच दिवशी गेले. माळ्यावर ठेवल्याने त्यातला एक रुपयाही परत येत नाही. उलट जो काही उपयोग शिल्लक होता तोही दर वर्षी कमी होतो. एवढं साधं गणित तुम्हाला येतं. तरी करत नाही, कारण ठरवायचा कंटाळा.

म्हणून आज ठरवायला शिका. घरातल्या प्रत्येक जुन्या संगणकाला तीनच रकाने: ठेवायचा, द्यायचा, मोडीत काढायचा. चौथा रकाना नाही. ‘बघू’ हा रकाना मी खोडते आहे.

पहिला रकाना ठेवण्याचा, आणि तो सगळ्यांत महत्त्वाचा. चालू वस्तू लवकर टाकणं हासुद्धा अपराधच आहे. दोन दशकांपूर्वी संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या अभ्यासकांनी हिशेब मांडला होता: एक डेस्कटॉप आणि त्याचा मॉनिटर बनवायला किमान 240 किलो खनिज इंधन, 22 किलो रसायनं आणि दीड टन पाणी लागतं. लॅपटॉपचंही तेच, त्याच्या आयुष्यभरातल्या प्रदूषणाचा मोठा हिस्सा तो वापरण्यात नसतो, बनवण्यात असतो. तेव्हा कंपनीने नवं मॉडेल काढलं म्हणून जुनं बाजूला सारू नका. जितकी वर्षं काढता येतील तितकी काढा.

पण ठेवायचा तर त्याला माणूस आणि काम हवं. ‘बाबा बातम्या वाचायला वापरतील’ हे कारण झालं. ‘धाकट्याला टायपिंग शिकायला’ हेही झालं. ‘लागेल कधीतरी’ हे कारण नाही.

‘फार हळू चालतो’ ही तक्रार घेऊन येऊ नका. हळू चालणाऱ्या पाच-सात वर्षांच्या लॅपटॉपमध्ये बहुधा जुनी फिरती हार्डडिस्क असते. ती काढून एसएसडी बसवा, रॅम चार जीबी असेल तर आठ करा. तोच लॅपटॉप पुन्हा पळायला लागतो आणि खर्च नव्याच्या तुलनेत फारच थोडा येतो. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. मुदतवाढ घेतली नसेल तर त्यानंतर त्या संगणकाला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षा सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. म्हणून तुमच्यापैकी कित्येकांनी ठणठणीत मशीनला भंगार ठरवलं. ते भंगार नाही. त्यावर लिनक्स मिंट किंवा लुबुंटूसारखी मोफत प्रणाली टाका. ब्राउझर चालतो, कागदपत्रं लिहिता येतात, मराठी युनिकोडमध्ये टाइप होतं, सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतात. शाळेत पोरांना आणखी काय लागतं?

याउलट मदरबोर्ड जळला असेल, पडदा फुटला असेल आणि दुरुस्तीवाला नव्या लॅपटॉपची निम्मी किंमत सांगत असेल, तर हट्ट सोडा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला करू नका.

एक कारण मात्र मी पूर्ण मान्य करते. तुमच्यातल्या काही जणांचे छापखाने आहेत, एक जण दिवाळी अंक काढतो. युनिकोड येण्याआधीचा मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती किंवा सीडॅकच्या आयएसएमच्या फॉन्टमध्ये, पेजमेकरच्या फायलींत अडकून पडला आहे. ते फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती फाइल उघडली की अक्षरांच्या जागी चिन्हांची खिचडी दिसते. असा मजकूर ज्या जुन्या मशीनवर अजून नीट उघडतो ते मशीन ठेवा. पण ठेवून झोपू नका. मजकूर युनिकोडमध्ये आणा, अंकांच्या पीडीएफ करा, दोन ठिकाणी प्रती ठेवा आणि मग ते मशीन सोडा. कारण ते उद्या सुरू होईलच याची हमी कुणी दिलेली नाही. वीस वर्षांचं लेखन एका जुन्या हार्डडिस्कच्या भरवशावर सोडणारा संपादक मला माफीच्या लायक वाटत नाही.

दुसरा रकाना देण्याचा. देण्याची पहिली अट: आधी विचारा. घेणाऱ्याला काय हवं आहे ते त्याला ठरवू द्या, आणि ‘नको’ म्हणायचा त्याचा हक्क मान्य करा. आमच्या तालुक्यात अशा शाळा आहेत जिथे दुपारी वीज जाते. त्यांना दहा डेस्कटॉपांपेक्षा बॅटरी तास-दोन तास टिकणारे तीन लॅपटॉप जास्त उपयोगी. दुसऱ्या एखाद्या शाळेला संगणक नको असतील, चालू मॉनिटर आणि माऊस हवे असतील. हे तुम्हाला घरी बसून कळणार नाही. फोन करावा लागेल.

दुसरी अट: वस्तू पूर्ण द्या. संगणक सुरू होतो, निदान तासभर न अडखळता चालतो, हे तुम्ही स्वतः पाहिलेलं असलं पाहिजे. चार्जर त्याच्यासोबत. पॉवर कॉर्ड, मॉनिटरची केबल, कीबोर्ड, माऊस त्याच्यासोबत. बायोसचा पासवर्ड काढलेला. ॲपलचं उपकरण असेल तर ते तुमच्या खात्यातून मोकळं केलेलं. नाही तर ॲक्टिव्हेशन लॉक लागतो आणि घेणाऱ्याच्या हातात नुसती धातूची पाटी उरते. प्रणाली नवी टाकलेली, अद्ययावत. तुम्हाला स्वतःला उद्या सकाळी ज्यावर काम करता येणार नाही ते दुसऱ्याला द्यायचं नाही.

तुमच्याच टेम्पोत एक लॅपटॉप असा निघाला आणि ज्याने तो दिला त्याला मी सगळ्यांसमोर शाबासकी देते. चार्जर वायरचं वेटोळं करून रबरबँडने बांधलेला होता. झाकणावर कागद चिकटवला होता: कोणत्या सालचा, रॅम किती, एसएसडी कधी बसवली, लिनक्स मिंट टाकलं आहे, पासवर्ड काय, बॅटरी दीड तास चालते, ‘ए’ चं बटण जरा जोरात दाबावं लागतं. खाली फोन नंबर आणि ‘अडलं तर फोन करा’. तो लॅपटॉप त्याच दिवशी दुपारी आठवीच्या वर्गात चालू होता. दान करायला पैसे लागत नाहीत, एका संध्याकाळची मेहनत लागते. बाकीच्यांनी तीच वाचवली.

तिसरी अट तुमच्या स्वतःच्या भल्याची आहे. फाइल डिलीट करून रिसायकल बिन रिकामा केला म्हणजे ती गेली, असं समजणारे तुमच्यात इंजिनिअरसुद्धा आहेत. ती गेलेली नसते. फाइल कुठे आहे याची नोंद फक्त पुसली जाते. फिरत्या डिस्कवर मजकूर बहुधा तसाच पडून असतो आणि साध्या सॉफ्टवेअरने परत मिळतो. झटपट फॉरमॅटचंही तेच. अमेरिकेत एमआयटीतल्या सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलाट या दोघांनी बाजारातून 158 जुन्या हार्डडिस्क विकत घेऊन तपासल्या आणि 2003 साली निष्कर्ष छापले. 129 डिस्क चालू निघाल्या. त्यांतल्या नीट पुसलेल्या किती? 12. बाकीच्यांपैकी अनेकांवर पत्रं होती, वैद्यकीय माहिती होती, पाच हजारांहून जास्त क्रेडिट कार्डांचे नंबर होते. त्या डिस्क विकणारेही तुमच्यासारखेच सुशिक्षित लोक असतील.

म्हणून क्रम लिहून घ्या. आधी हवं ते दुसरीकडे कॉपी करा आणि कॉपी उघडून पाहा. मग सगळ्या खात्यांतून बाहेर पडा. फिरती हार्डडिस्क असेल तर सॉफ्टवेअर वापरून संपूर्ण डिस्कवर एकदा शून्यं लिहा; एवढं पुरतं. एसएसडी असेल तर ही पद्धत भरवशाची नाही, कारण आतला कंट्रोलर मजकूर सतत वेगवेगळ्या पेशींत फिरवत असतो. तिच्यासाठी कंपनीची सिक्युअर इरेज सोय वापरा, किंवा आधीपासून सगळी डिस्क एन्क्रिप्ट करून ठेवा आणि मग रिसेट करा. डिस्क बंद पडली असेल आणि पुसता येत नसेल तर ती कुणालाही देऊ नका. फिरती डिस्क असेल तर तिच्या चकत्यांच्या आरपार ड्रिलने भोकं पाडा आणि मग मोडीत द्या. तुमच्यातले जे शाळा, दवाखाने, सीएची कार्यालयं चालवतात त्यांनी हे दोनदा वाचावं. तुमच्या डिस्कवर तुमची नव्हे, दुसऱ्यांची माहिती असते. विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, रुग्णांचे आजार, अशिलांचे हिशेब ही तुमची मालमत्ता नाही आणि ती अशी रस्त्यावर टाकायचा अधिकार तुम्हाला कुणी दिलेला नाही.

तिसरा रकाना मोडीत काढण्याचा. इथे तुम्ही हात झटकून मोकळे होता. भंगारवाला येतो, किलोवर पैसे देतो, घर स्वच्छ होतं. पुढे काय होतं ते पाहायची तुमची तयारी नसते, म्हणून मी सांगते. सीआरटी मॉनिटरच्या मागच्या शंकूसारख्या काचेत वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास शिशाचं ऑक्साइड असतं. जुन्या एलसीडीच्या आतल्या बारीक नळ्यांत पारा असतो. प्लॅस्टिकमध्ये आग रोखणारी ब्रोमिनयुक्त रसायनं असतात. हे सगळं पाठीवर पोतं घेऊन फिरणाऱ्या माणसाकडून छोट्या गोदामात जातं आणि तिथून पुढे. मुंबईत कुर्ला, साकीनाका इथल्या गल्ल्यांत संगणकांचे सुटे भाग वेगळे केले जातात. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये आणि उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादेत तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात, सर्किट बोर्ड उघड्या हातांनी आम्लात बुडवले जातात. तो धूर आणि ते आम्ल घेऊन काम करणाऱ्यांत बायका आहेत, पोरं आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली ई-कचरा आणि मुलं याच विषयावर स्वतंत्र अहवाल काढला, कारण शिशाचा पहिला मार मुलांच्या मेंदूवर बसतो. ज्या वयाची मुलं माझ्या वर्गात बाकावर बसतात त्याच वयाची मुलं तिथे तुमचा मदरबोर्ड फोडत बसतात.

यात भंगारवाल्याला दोष देऊ नका. तो पोट भरतो आहे. दोष त्याच्या हाती विष देऊन वर पैसे मोजून घेणाऱ्याचा. त्या बोर्डांत मौल्यवान धातूही आहे. टनभर बोर्डांत जेवढं सोनं निघतं तेवढं टनभर खनिजातूनही निघत नाही. योग्य कारखान्यात गेलं तर ते सुरक्षितपणे परत मिळतं. पण जातं किती? 2022 साली जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा झाला. त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रीकरणाला गेल्याची नोंद 22.3 टक्क्यांचीच आहे. सर्वाधिक ई-कचरा करणाऱ्या देशांत चीन आणि अमेरिकेपाठोपाठ आपला क्रमांक लागतो. या आकड्यांत तुमचा माळा आहे.

कायदा नाही असं म्हणू नका. ई-कचऱ्याचे नियम आपल्याकडे 2011 पासून आहेत, आणि 2022 चे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले. वस्तू बनवणाऱ्या कंपन्यांवर तिच्या शेवटाची जबाबदारी टाकलेली आहे. एका वर्षात हजार किंवा त्याहून जास्त उपकरणं वापरणाऱ्या संस्थांनी आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्ती-नूतनीकरण करणारे किंवा पुनर्चक्रीकरण करणारे यांनाच द्यायचा आहे. तुमच्यापैकी दोघे अशा मोठ्या कंपन्यांत अधिकारी आहेत आणि या टेम्पोत तुमच्या ऑफिसचे स्टिकर लावलेली मशीनं निघाली आहेत. नियम चुकवायला शाळेचा आडोसा घेतलात, असा त्याचा अर्थ होतो. हे मी खपवून घेणार नाही.

घरच्या माणसाने काय करायचं? ज्या कंपनीचा लॅपटॉप आहे तिच्या संकेतस्थळावर जुनं उपकरण परत देण्याची सोय पाहा. नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांची माहिती केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर मिळते. तुमच्या जिल्ह्याला जवळचा कोण ते बघा. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आहे, तिच्याकडे ई-कचऱ्याची चौकशी करा. त्यात काम करणाऱ्या बायकांनाही त्याचा मोबदला मिळतो. सोसायटीत पंधरा घरांनी मिळून एकच गाडी बोलवा. देताना पावती मागा. यूपीएसची शिसे-आम्लाची बॅटरी वेगळी काढा आणि बॅटरीच्या दुकानात परत करा. फुगलेली लिथियम बॅटरी टोचू नका, दाबू नका, चार्ज करू नका, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. ती जळण्याजोग्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि ती फुगलेली आहे हे घेणाऱ्याला सांगून वेगळी द्या.

एवढं सगळं मी का सांगते आहे? तुम्ही वाईट माणसं आहात म्हणून नाही. शाळेची आठवण ठेवून तुम्ही पैसे गोळा केलेत, सुट्टी काढून आलात, याची मला किंमत आहे. पण तुमच्याकडे ज्ञान आहे, साधनं आहेत, आणि तरीही तुम्ही सगळ्यांत सोपं तेच केलंत, याचा मला राग आहे. गावाकडच्या शाळेला काहीही चालतं, ही समजूत तुमच्या डोक्यात आली कुठून? याच बाकांवर बसून तुम्ही शिकलात. तेव्हा तुम्हाला काहीही चालवून घ्यायला मी लावलं नव्हतं. उत्तर बरोबर आलं तरी पायऱ्या सोडल्या असतील तर मी गुण कापत होते. इथे तर उत्तरही चूक आहे.

आता गृहपाठ. येत्या रविवारी माळा उतरवा. प्रत्येक वस्तू लावून पाहा आणि तीनपैकी एका रकान्यात लिहा. ठेवायच्या वस्तूपुढे माणसाचं नाव. द्यायच्या वस्तूपुढे घेणाऱ्याचा होकार. मोडीत काढायच्या वस्तूपुढे पावती. महिन्याभरात तिन्ही रकाने पूर्ण झाले पाहिजेत.

आणि शाळेतल्या खोक्यांबद्दल. चालण्याजोगी मशीनं मी बाजूला काढली आहेत, ती आम्ही आनंदाने ठेवू. उरलेल्या मालाची नोंद मी जडसंग्रह वहीत होऊ दिलेली नाही. पुढच्या शनिवारी टेम्पो घेऊन या, तुमचा कचरा परत न्या आणि नोंदणीकृत ठिकाणी देऊन त्याची पावती मला दाखवा. त्यानंतर शाळेला काही द्यावंसं वाटलं तर आधी फोन करा. काय हवं ते मी सांगेन, नको असेल तर नको म्हणेन, आणि ते तुम्ही ऐकायचं.